सिरीज हातात आलीये आणि टीमचे पाय लटपटतायत? मग हे वाचा

आधीच क्लिअर करतो, हे मागे पडलेल्या हॉकी टीमसाठी नाहीये. मागे पडलेल्यांना धीर द्यायला सगळं गाव येतं. हे पुढे असलेल्यांसाठी आहे. म्हणजे बेस्ट ऑफ फाइव्हमध्ये तुम्ही दोन-शून्य होतात, अजून एक मॅच मारली की विषय संपला, आणि नेमकं तिथेच काहीतरी बिनसलं, तिसरी मॅच गेली, चौथी पण गेली, आणि आता ड्रेसिंग रूममध्ये जो तो खाली मान घालून बुटाच्या लेसशी खेळतोय. चर्चगेटच्या टर्फवर वीकेंडला खेळणारे क्लब, कॉलेजची पोरं, बँक-रेल्वेवाल्यांच्या टीमा, कोणाचाही कोच, मॅनेजर किंवा कॅप्टन असाल तरी हे चालेल. उदाहरणं बरीचशी आइस हॉकीची देणार आहे कारण सात-सात मॅचेसच्या प्लेऑफ सिरीज त्यांच्याकडे असतात, आपल्याकडे बहुतेक नॉकआउट, एक मॅच हरलात की किट उचला आणि घरी जा. पण लोचा दोन्हीकडे सेम आहे.

सगळ्यात पहिलं काम म्हणजे पोरांना सांगायचं की हे फक्त आपल्याचसोबत होत नाहीये. नुसतं "होतं रे असं" म्हणून नाही, नीट स्टोरी सांगायची. २०२४ ची स्टॅन्ली कप फायनल घ्या, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या आइस हॉकी लीगची फायनल. फ्लोरिडा पँथर्स एडमंटन ऑयलर्सच्या पुढे ३-०. चौथी मॅच एडमंटनमध्ये, तिथे ८-१ ने धुतले गेले, गोलकीपर बोब्रोव्स्कीने पाच खाल्ले आणि त्याला मधेच बाहेर काढावं लागलं. पाचवी घरच्या मैदानावर, कप तयार ठेवलेला, ती ५-३ ने गेली. सहावी ५-१ ने गेली. ३-० चं ३-३. आता विचार करा त्या टीमची रात्र कशी गेली असेल, कारण ३-० वरून सिरीज हरलेल्या टीमा त्या लीगच्या अख्ख्या इतिहासात चारच आहेत, १९४२, १९७५, २०१० आणि २०१४, आणि पाचवं नाव यांचं लागणार असं अर्धं जग बोलत होतं. सातवी मॅच आपल्याकडे पहाटे साडेपाचला होती, २५ जूनला. फ्लोरिडाने ती २-१ ने काढली. दुसऱ्या पिरियडमध्ये राइनहार्टने दुसरा गोल मारला आणि मग पूर्ण तिसरा म्हणजे शेवटचा पिरियड, वीस मिनिटं, एका गोलची लीड धरून बसले.

यातून मला सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. चौथ्या मॅचमध्ये ज्या गोलकीपरला बाहेर काढला त्यालाच कोच पॉल मॉरिसने पाचवीत परत उभा केला, सहावीत पण, सातवीत पण. आणि सातवीत त्याने २४ पैकी २३ शॉट अडवले. आपल्याकडे एक मॅच वाईट गेली की पहिला बळी गोलकीपरचा जातो, कारण त्याची चूक स्कोरबोर्डवर दिसते. तसं करू नका. घाबरून केलेला बदल टीमला लगेच कळतो, पोरं काय मूर्ख नसतात, त्यांना समजतं की सरांची पण हवा टाइट झालीये.

याउलट १९४२ ची फायनल बघा. टोरोंटो डेट्रॉइटच्या मागे ०-३, त्यांचा कोच हॅप डे याने आपला स्टार स्कोरर गॉर्डी ड्रिलन यालाच बसवला, आणि सिरीज ४-३ ने फिरवली. म्हणजे बदल करणं वाईट असं नाही, पण तो मागे पडलेल्याचा डाव आहे, त्याच्याकडे गमवायला काही उरलेलं नसतं. तुम्ही ज्या अकरा जणांनी आणि ज्या पद्धतीने दोन मॅच जिंकल्यात ते सगळं एक-दोन हरण्यांसाठी मोडायचं कशाला? आणि त्याच सिरीजमध्ये डेट्रॉइटचा कोच जॅक अॅडम्स चौथी मॅच हरल्यावर रेफ्रीच्या अंगावर धावून गेला आणि सस्पेंड झाला. पुढे होते ३-१ ने! पाचवी ९-३ ने हरले. कोचच तापला तर पोरांनी काय करायचं.

आता मुद्द्यावर येऊ, टीम ढासळतेय हे ओळखायचं कसं. स्कोर बघून नाही कळत, स्कोर उशिरा सांगतो. मैदानावर बघा. मधल्या फळीतला हाफबॅक पुढे पास द्यायची जागा असताना मागे देतोय. मागचा फुलबॅक बॉल आला की न बघता लांब हाणतोय, जिथे आपलं कोणी नाही. फ्री हिट मिळाली की बॉलपाशी पहिल्या मॅचला तिघं धावायचे, आता एकमेकांकडे बघतायत, तू घे तू घे. ट्रॅप, म्हणजे बॉल स्टिकवर थांबवणं, जे झोपेत पण जमतं, तिथे बॉल स्टिकवरून उडतोय. अंपायरशी हुज्जत वाढलीये. आणि सगळ्यात पक्की खूण, पोरं दर मिनिटाला घड्याळाकडे किंवा बेंचकडे बघतायत. यातल्या दोन-तीन गोष्टी दिसल्या की समजा सुरुवात झाली, मग त्या मॅचमध्ये तुम्ही २-० ने पुढे असा नाहीतर ४-० ने.

असं का होतं तर माझं सरळ मत आहे. पहिल्या दोन मॅचमध्ये पोरं हॉकी खेळत होती, तिसरीपासून ती सिरीज "संपवायला" लागली. बॉल, माणूस, पुढचा पास यावरून डोकं उठून ट्रॉफीवर गेलं. आणि जे हात आपोआप करतात त्यावर डोकं घातलं की हात अडखळतात, जिना उतरताना प्रत्येक पायरीचा विचार करून बघा, पडाल. त्यात लीड वाचवायची म्हणून सगळे दहा पावलं मागे सरकतात, मग समोरच्याला आपल्या गोलपासून तेवीस मीटरच्या आत फुकट जागा मिळते, मग डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलात, पायाला बॉल लागतो, मग पेनल्टी कॉर्नर, म्हणजे त्यांना गोलसमोर आयता चान्स, मग गोल. आत्मविश्वास गेला म्हणून मागे सरकले की मागे सरकले म्हणून आत्मविश्वास गेला, हे शोधत बसू नका, पावलं पुढे आणा, बाकीचं बरंचसं मागून येतं.

आपलीच उदाहरणं घ्या ना. २००० सिडनी ऑलिम्पिक, पोलंडशी मॅच, जिंकलो असतो तर सेमीफायनल, १-० ने पुढे, आणि शेवटच्या दोन मिनिटांच्या आत गोल खाल्ला. १-१. गेलं सगळं. ज्यांनी ती मॅच बघितलीये त्यांच्यासमोर आजही पोलंड म्हणू नका. आणि २०२३ चा वर्ल्ड कप, भुवनेश्वर, न्यूझीलंडसमोर आधी २-० मग ३-१ ने पुढे, शेवटी ३-३ आणि शूटआउटमध्ये (एकट्याने गोलकीपरला चकवून गोल मारायचा) सडन डेथला, म्हणजे पाच-पाच चान्सनंतरही बरोबरी राहिल्यावर, बाहेर. त्यानंतर काही महिन्यांत पॅडी अप्टनला मेंटल कंडिशनिंग कोच म्हणून आणलं, तोच जो २०११ च्या क्रिकेट वर्ल्ड कप टीमसोबत होता. आपल्याकडे काही पॅडी अप्टन येणार नाहीये, मेंबरशिपच्या पैशात बॉल आणि पाणी सुटलं तरी खूप, त्यामुळे आपणच करायचं.

हरल्याच्या रात्री काय करायचं

काहीच नाही. खरंच. मॅच संपल्यावर मैदानातच गोल करून अर्धा तास लेक्चर देणारे कोच मी भरपूर बघितलेत, त्याने कोणी सुधारलेलं बघितलं नाहीये. दोन वाक्यं बोला, "पुढची मॅच अमुक वाजता, प्रॅक्टिस अमुक दिवशी, जा घरी, जेवा", बस. ज्याच्या चुकीने गोल झाला त्याच्यासोबत स्टेशनपर्यंत चालत जा, हॉकी सोडून कशावरही बोला.

व्हॉट्सअॅप ग्रुप मात्र त्या रात्री कंट्रोलमध्ये पाहिजे. तिथे एक काका असतातच जे "आज फारच ढिसाळ खेळ झाला" असं लिहून खाली हात जोडलेले टाकतात, आणि मग रात्री बारापर्यंत भांडण. ओन्ली अॅडमिन करून टाका. आणि हो, पेढे, हार, डीजे, बॅनर, ट्रॉफीसोबत फोटोसाठी फोटोग्राफर, हे ज्याने कोणी अॅडव्हान्समध्ये बुक केलंय त्याला सांगा गप्प राहा. बॅनरवर आपलं नाव "विजेते" म्हणून छापून आलंय हे पोराला मॅचच्या आधी कळणं यासारखं वजन दुसरं नाही.

मधल्या प्रॅक्टिसमध्ये

लांबलचक प्रॅक्टिस ठेवायचा मोह होतो, जणू काही दम कमी पडला. दम कमी पडला नव्हता. तासाभरात आटपा. व्हिडिओ असेल, म्हणजे कोणाच्या तरी बायकोने स्टँडमधून मोबाइलवर काढलेला असतोच, तर त्यातून जिंकलेल्या मॅचमधल्या चार-पाच चांगल्या मूव्ह दाखवा आणि हरलेल्यातली एकच चूक, जी दुरुस्त करता येण्यासारखी आहे तीच. पूर्ण हरलेली मॅच परत दाखवणं म्हणजे ती दोनदा हरणं.

मग एकच सिच्युएशन परत परत खेळवा, आपण १-० ने पुढे, घड्याळात चार मिनिटं, समोरचे तुटून पडतायत. समोरच्या बाजूला बारावा माणूस द्या, अंपायरचे डिसिजन मुद्दाम त्यांच्या बाजूने द्या. पोरं चिडतील, चिडू द्या. पहिल्या दोन-तीन वेळा गोल खातील. मग हळूहळू त्यांना स्वतःलाच कळायला लागतं की बॉल समोरच्याच्या कोपऱ्यात नेऊन साइडलाइनला अडकवला की चाळीस-पन्नास सेकंद सहज जातात, त्यांना लागून बॉल बॅकलाइनबाहेर गेला आणि लाँग कॉर्नर मिळाला तर अजून थोडे, आणि हे सगळं करताना आपण आपल्या डीपासून सत्तर-ऐंशी मीटर लांब असतो. चार मिनिटं म्हणजे फार काही नसतं हे अंगाला कळलं पाहिजे, सांगून नाही कळत.

पेनल्टी कॉर्नर डिफेन्सवर सगळ्यात जास्त वेळ घाला. गोलकीपर धरून पाच जण मागे, बाकी सगळे सेंटर लाइनच्या पलीकडे, त्यामुळे त्या पाचांना आपापलं काम पाठ पाहिजे, फर्स्ट रशर (बॉल आला की सगळ्यात आधी पुढे धावणारा) कोण, पोस्टवर कोण, रिबाउंड कोणाचा. आणि एक नियम पोरांना नक्की माहीत करून द्या कारण इथे भलेभले गंडतात. वेळ संपायच्या आधी कॉर्नर मिळाला असेल तर वेळ संपली तरी तो पूर्ण खेळला जातो, हूटर वाजला म्हणून हात वर करून नाचायला लागू नका. टोकियो ऑलिम्पिकची ब्राँझ मॅच आठवा, जर्मनीसमोर आपण आधी १-३ ने मागे, मग ५-४ ने पुढे, आणि सहा-सात सेकंद उरलेले असताना त्यांना कॉर्नर मिळाला. आपला गोलकीपर श्रीजेशने अडवला आणि ४१ वर्षांनी मेडल आलं. त्या कॉर्नरला पाचही जणांना आपली जागा माहीत होती, कोणी कोणाला ओरडून विचारत नव्हतं.

मॅचच्या दिवशी

रविवार असेल तर शनिवारी रात्रीच ब्लॉक बघून ठेवा, सेंट्रलला मेगाब्लॉक, वेस्टर्नला जंबो ब्लॉक, हार्बरचं तर विचारूच नका. गोलकीपर बदलापूरहून येतोय आणि पॅड, हेल्मेट, किकर्सची ती भलीमोठी बॅग घेऊन स्लो लोकलमध्ये अडकलाय, आणि इकडे टॉस झालाय, असल्या सकाळी कोणाचा कॉन्फिडन्स टिकतो सांगा. लांबच्यांना आदल्या रात्री दादर-माहीमला कोणाकडे तरी झोपवा.

बाकी काहीही नवीन करायचं नाही. पहिल्या मॅचला स्टेशनसमोर केळी आणि पोहे खाल्ले होते ना, आज पण तेच. तोच वॉर्मअप, तोच क्रम. "आज स्पेशल आहे" म्हणून कोणातरी माजी खेळाडूला बोलावून भाषण देऊ नका, माणूस कितीही मोठा असो. आणि "टेन्शन घेऊ नका" हे वाक्य बॅन करा. ज्याला नव्हतं त्याला पण येतं.

बोलायचंच असेल तर काम सांगा. मी साधारण असं बोलतो, "पहिली पाच मिनिटं त्यांच्या राइट हाफला बॉल घेऊन वळू द्यायचं नाही. एवढंच. मग पुढचं सांगतो." पोरगा विचारतो, "सर, आणि गोल खाल्ला तर?" "तर सेंटर पास आपला. मागे देऊन तीन पास करायचे, मग पुढे." झालं. त्याला उत्तर मिळालं, कारण गोल खाल्ल्यावर नेमकं काय करायचं हे आधीच ठरलेलं असलं की गोल खाणं म्हणजे जगबुडी राहत नाही.

खेळ चालू झाल्यावर

पंधरा मिनिटांचा क्वार्टर पाच-पाच मिनिटांत तोडा आणि प्रत्येक पाच मिनिटांना एकच टास्क. आइस हॉकीवाले हे नकळत करतात, त्यांची एक शिफ्टच पाऊण मिनिटाची असते, जा, जीव तोडून खेळा, परत या, बसा. आपल्याकडे पण रोलिंग सबस्टिट्यूशन आहे, हवं तितक्यांदा माणूस आत-बाहेर करता येतो, वापरा की. ज्याचे दोन ट्रॅप सलग सुटले त्याला बाहेर घ्या, पण ओरडत नाही, पाणी द्या, दोन मिनिटांनी परत पाठवा. परत पाठवणं महत्त्वाचं आहे. बाहेर काढून बसवून ठेवलंत तर तो त्या दिवसापुरता गेला.

प्रेस, म्हणजे समोरच्यावर चढून जाणं, कुठून करायचा ती लाइन ठरवा, साधारण सेंटर लाइन, आणि एका माणसाचं कामच हे की लाइन मागे सरकली की ओरडायचं. सेंटर हाफ किंवा गोलकीपर, त्यांना सगळं समोर दिसतं. आवाज मोठा आणि शब्द एकच, "वर!"

अंपायरशी फक्त कॅप्टन बोलेल. ग्रीन कार्ड म्हणजे दोन मिनिटं दहा जण, यलो म्हणजे कमीत कमी पाच. पॅरिस ऑलिम्पिकला ब्रिटनसमोर अमित रोहिदासला रेड मिळालं आणि आपण चाळीस मिनिटांच्या वर दहा जणांनी खेळून १-१ धरलं आणि शूटआउट ४-२ ने काढलं, मान्य, पण ते श्रीजेश असताना. आपल्या गोलकीपरवर एवढा भार टाकू नका.

आणि माणसं मोजा. हसू नका. २०१० ला त्याच आइस हॉकी लीगमध्ये बोस्टन ब्रुइन्स फिलाडेल्फियाच्या पुढे ३-० होते, मग ३-३ झालं, सातव्या मॅचमध्ये घरच्या मैदानावर परत ३-० ने पुढे, फिलाडेल्फियाच्या कोचने टाइमआउट घेतला, स्कोर फिरत फिरत ३-३ झाला, आणि मग ब्रुइन्सवर पेनल्टी कशाची लागली तर मैदानावर एक माणूस जास्त होता म्हणून! त्या पॉवर प्लेवर, म्हणजे ब्रुइन्सचा एक माणूस बाहेर असताना, फिलाडेल्फियाच्या गान्येने गोल मारला, ४-३, सिरीज गेली. घाईत सब करताना आपल्याकडे पण बारावा आत जातो आणि कॅप्टनला कार्ड बसू शकतं. बेंचवर एक शांत माणूस फक्त मोजायला ठेवा. मॅनेजरचा मेव्हणा असतो ना दर मॅचला, त्याला द्या हे काम.

शेवटच्या पाच मिनिटांत लीड असेल तर समोरचा गोलकीपर काढून अकरावा फील्ड प्लेयर घालणार हे धरूनच चला. आइस हॉकीतलं टोरोंटोचं २०१३ आठवतं, बोस्टनसमोर सातव्या मॅचमध्ये तिसऱ्या पिरियडला ४-१ ने पुढे होते, आधी एक खाल्ला, मग शेवटच्या दीड मिनिटात समोरचं गोल रिकामं असताना अजून दोन खाल्ले आणि ओव्हरटाइममध्ये पाचवा. रिकामं गोल दिसलं की आपल्या प्रत्येकाला अर्ध्या मैदानावरून हिरो व्हायचं असतं. आइस हॉकीत लांबून पक टाकून पण गोल होतो, आपल्याकडे डीच्या बाहेरून मारलेला गोल धरतच नाहीत, त्यामुळे लांबून हाणणं म्हणजे बॉल त्यांना परत देणं. कोपऱ्यात न्या, धरून ठेवा. मुंबईच्या क्रिकेटवाल्यांना सगळे खडूस म्हणतात, ते इथे पाहिजे. दिसायला घाण दिसेल, चालेल.

आणि एवढं करून मॅच बरोबरीत सुटली आणि शूटआउट आलं तर त्या गोंधळात "कोण घेणार, कोण घेणार" विचारत फिरायचं नाही. पाच नावं आणि त्यांचा क्रम सकाळीच कागदावर लिहून कॅप्टनच्या सॉक्समध्ये. सडन डेथला गेलं तर आधीच्या पाचांपैकीच घ्यायचे असतात पण क्रम बदलता येतो, त्यामुळे सडन डेथला पहिला कोण जाणार ते पण लिहा, आणि तो असा निवडा ज्याला प्रॅक्टिसमध्ये आठ सेकंदांत घाई होत नाही, भले तो टीममधला सगळ्यात स्लो असेना. तेवीस मीटरवरून आठ सेकंद बराच वेळ असतो. आमच्याकडे पोरं चौथ्या सेकंदाला मारून मोकळी होतात आणि गोलकीपरच्या पॅडवर, म्हणून प्रॅक्टिसला एकाला मोठ्याने सेकंद मोजायला लावा आणि सहाच्या आधी शॉट मारला तर तो धरायचाच नाही.